फुटपाथवरच्या माणसासाठी विहाराचे दार उघडूया

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या प्रश्नावर सुनावणी झाली. खंडपीठावर न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह होते. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या फुकटच्या योजनांमुळे लोक काम करायला तयार नसतात, त्यांना मुख्य प्रवाहात आणण्याऐवजी आपण परोपजीवींचा एक वर्ग तर तयार करत नाही ना, असा सवाल न्या. गवई यांनी त्या दिवशी केला. काम मिळत असेल तर ते नको म्हणणारा माणूस या देशात क्वचितच सापडेल, असे उत्तर याचिकाकर्त्यांचे वकील प्रशांत भूषण यांनी दिले.

तीनच महिन्यांनी न्या. गवई देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले. समाजाला त्याचा अभिमान वाटला आणि तो योग्यच होता. पण मोठ्या पदावरच्या आपल्या माणसाशीही मुद्द्यावर मतभेद नोंदवण्याची शिस्त बाबासाहेबांनीच आपल्याला दिली आहे. म्हणून आदर राखून आम्ही म्हणतो की, बेघर माणसाचे हे निदान चुकीचे आहे. मात्र तेवढे म्हणून थांबणे सोपे आहे. त्या माणसासाठी आपला समाज, आपले विहार, आपली युवक मंडळे नेमके काय करतात, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. या लेखात तोच प्रश्न आम्ही मांडत आहोत.

रात्री रस्त्यावर कोण झोपते?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. महाराष्ट्रात ही संख्या २ लाख १० हजारांच्या वर होती. उत्तर प्रदेशानंतर आपलाच क्रमांक. एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. हे आकडेही २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजलेले. जो त्या रात्री पुलाखाली नव्हता, बंद दुकानाच्या आतल्या बाजूला होता किंवा पोलिसांना पाहून उठून गेला, तो त्यात नाही.

ही माणसे काय करतात? पहाटे नाक्यावर उभी राहतात, बिगारी काम करतात, हातगाडी ओढतात, लग्नाच्या हॉलमध्ये केटररकडे ताटे धुतात, भंगार गोळा करतात. बांधकामावरचा मजूर साइटवरच झोपतो. काम संपले की मजुरीबरोबर डोक्यावरचे पत्र्याचे छप्परही जाते. गावाकडे शेत नाही म्हणून तो आला होता, त्यामुळे परत जायलाही ठिकाण नाही. भूमिहीनता आणि जात यांचे नाते आपल्याला कोणी शिकवायला नको. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तो याच प्रश्नावर. ज्यांना तेव्हा जमीन मिळाली नाही त्यांची नातवंडे आज शहरात नाक्यावर उभी आहेत.

घसरण एका दिवसात होत नाही. मचाणावरून पडून पाय मोडतो, टीबी होतो, फायनान्सचे हप्ते थकतात, झोपडी पाडली जाते, दारू वाढते, घरात भांडण होते, तुरुंगातून सुटल्यावर कोणी दारात उभे करत नाही. मग झोपेत पिशवी चोरीला जाते. पिशवीत आधार, बँकेचे पासबुक आणि मोबाइल असतो. त्या रात्रीनंतर हा माणूस सरकारच्या लेखी उरत नाही. कागद नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून योजना नाही, पत्ता नाही म्हणून नवा कागद नाही.

पुरुषांबद्दलच का बोलायचे?

बेघर स्त्रीचे हाल अधिक भयंकर असतात आणि तिला आधी सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, यात वाद नाही. पण स्त्रियांभोवती बचत गट, अंगणवाडीताई, आशाताई, महिला मंडळ यांचे एक जाळे निदान विणले गेले आहे. एकटा पडलेला पुरुष कोणत्याही जाळ्यात येत नाही. रेशनकार्डावरचे त्याचे नाव गावाकडच्या कुटुंबात अडकलेले असते. ‘कमावतो तो पुरुष’ या व्याख्येत वाढल्यामुळे कमाई थांबली की मदत मागायचीही लाज वाटते. तो घरी फोन करणे बंद करतो. पुरुषसत्ता बाईला मारते आणि हरलेल्या पुरुषाला गिळते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत दर दहांत सात पुरुष होते. एकूण आत्महत्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या होत्या. राज्यांत सर्वाधिक २२,७४६ आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या. या आकड्यांत आपल्या वस्तीतली माणसे आहेत. त्यांच्या दारावर आपण अंत्ययात्रेला जातो. त्याआधी वर्षभर त्यांच्याकडे कोणी गेले होते का?

कायदा काय म्हणतो?

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा असावा असे आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच निकष आला. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसांची सोय आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा. २०११ च्या लोकसंख्येने हिशेब केला तर मुंबईत सव्वाशेच्या आसपास, पुण्यात एकतीस, नागपुरात चोवीस निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या या हिशेबापासून फार दूर आहे.

दुसऱ्या बाजूला ‘मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९’ महाराष्ट्रात आजही लागू आहे. या कायद्यानुसार उदरनिर्वाहाचे दिसण्यासारखे साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे हेसुद्धा ‘भीक मागणे’ ठरू शकते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यातली शिक्षेची कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे उलटे चित्र आहे. जी-२० च्या बैठकीआधी मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या पोलिसांनी चौकांत भीक मागण्यावर १४४ कलमाखाली बंदी घातली. ज्या दीक्षाभूमीच्या शहरात लाखो लोक समतेची शपथ घेतात, त्याच शहरात पाहुणे येणार म्हणून गरीब माणूस नजरेआड करायचा होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच भिक्षेकरी गृहांबाबत निकाल देताना स्पष्ट केले की, तिथली माणुसकीची वागणूक ही सरकारची मेहेरबानी नाही, ती घटनेने दिलेली जबाबदारी आहे. म्हणजे हक्क आहे. तो मागायला त्या माणसाबरोबर उभे राहणारे कोणी नाही.

धम्माची भूमिका

दीघ निकायातल्या चक्कवत्ती सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. तो राज्याचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीला शिरच्छेदाची शिक्षा, आणि शिक्षेच्या उत्तरादाखल लोकांच्याच हातात शस्त्रे येतात. त्याच निकायातल्या कूटदन्त सुत्तातला पुरोहित राजाला सांगतो की, दंडाने आणि हद्दपारीने उपद्रव संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. परोपजीवी कोण आणि कष्टकरी कोण, हा वाद या दोन सुत्तांनी फार पूर्वी निकालात काढला आहे. माणूस आळशी आहे का, हे विचारण्याआधी त्याला काम करण्याचे साधन मिळाले का, हे विचारा.

विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूची हकीकत आहे. तो जुलाबाने हैराण होऊन स्वतःच्या घाणीत पडलेला होता. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा करत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. ‘आपल्या काही उपयोगाचा नाही’ हेच आज आपण दारू प्यालेल्या, वास येणाऱ्या, मतदार यादीत नसलेल्या माणसाबद्दल मनात म्हणतो.

आणि बाबासाहेब? १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांनी कारणे सांगितली. सामान घेऊन ते कमाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कर्तृत्व असूनही माणूस बेघर होतो, हे आपल्या चळवळीने आपल्या उद्धारकर्त्याच्या आयुष्यातच पाहिले आहे. त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. त्या संकल्पात आज बागेत झोपलेल्या माणसाला जागा हवी.

वर्षावासापासून सुरुवात

आपला समाज दान करत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर, १४ एप्रिलला गल्लोगल्ली भोजनदान होते. पण ते चार-पाच दिवसांत एकवटते. उरलेल्या तीनशे साठ दिवसांत फुटपाथवरच्या माणसाकडे कोण जाते? शिखांचा लंगर रोज चालतो म्हणून त्याला लोक संस्था मानतात. आपला उत्सव एका रात्रीत संपतो.

वर्षावासाची प्रथा मुळात पावसाशी जोडलेली आहे. फिरणाऱ्या भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहायचे, उपासकांनी त्यांची सोय करायची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, माणसे जमतात, दार उघडे असते. फुटपाथवर जगणाऱ्याचेही सर्वांत हलाखीचे महिने हेच. अंथरूण भिजते, काम थांबते, ताप येतो. म्हणून आमचा प्रस्ताव असा की, प्रत्येक विहाराने येत्या वर्षावासात पायी जाता येईल असा एक नाका, एक पूल किंवा स्टेशनची एक बाजू आपली मानावी. एकच. सगळे शहर अंगावर घेणारे उपक्रम दोन आठवड्यांत बंद पडतात.

चार-पाच कार्यकर्ते पुरेत. आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवावी आणि ती पावसातही चुकवू नये. पहिले तीन-चार आठवडे काहीही वाटू नका, फक्त बोला. एका वहीत त्याच्या संमतीने नाव, गाव, काम, आजार, कोणते कागद आहेत, कोणते हरवले आणि त्याला स्वतःला काय हवे, एवढे लिहा. त्याला जे हवे असेल ते बहुधा आपण ठरवलेल्या ब्लँकेटपेक्षा वेगळे निघेल.

विहार काय देऊ शकतो

एक लोखंडी कपाट, ज्यात माणसाला आपले कागद ठेवता येतील. मोबाइल चार्जिंगचा एक बोर्ड, कारण नाक्यावरच्या मजुराला ठेकेदाराचा फोन आला नाही तर त्याचा रोज बुडतो. आंघोळीला पाणी, कपडे वाळवायला दोरी. पत्र येण्यासाठी पत्ता. मोठी इमारत, देणगी, परवानगी यातले काहीच लागत नाही.

पुढचे काम कागदाचे. आधार पूर्वी काढले असेल तर केंद्रावर बोटांच्या ठशांवरून त्याचा शोध घेता येतो. मात्र सिमेंट-विटांच्या कामात ठसे झिजतात, त्यामुळे डोळ्यांच्या बुबुळाच्या नोंदीचा आग्रह धरावा. कागदच नसतील तर नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी यांच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर आधार निघते. आपल्या समाजात राजपत्रित अधिकारी कमी नाहीत. ‘पे बॅक टू सोसायटी’चे भाषण न करता त्यांना ही एक सही करता येईल.

बेघराला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात झोपण्याची जागा लिहायची आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे येऊन खात्री करायची, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. बांधकाम मजुराची नोंदणी राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. त्यासाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो देत नाही. महापालिकेकडून तो मिळवण्यासाठी चार मजुरांबरोबर एक शिकलेला मुलगा गेला तरी खिडकीवरची भाषा बदलते.

आरोग्यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. टीबीचे औषध मोफत आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात, पण ते खात्यात येतात. म्हणजे पुन्हा कागद. दुसरे, रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडायला लावू नका. त्यातून झटके येऊन जीवही जाऊ शकतो. त्याला आधी सरकारी रुग्णालयात न्या, मग व्यसनमुक्ती केंद्रात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. पंचशीलातले पाचवे शील हे आजाऱ्याला ओढण्याचे चाबूक नाही. तिसरे, मानसिक आजाराने भटकणाऱ्या माणसाला मारहाण करणे किंवा हाकलणे बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पोलिसांनी त्याला संरक्षण देऊन २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेले पाहिजे, कोठडीत ठेवता येत नाही. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशा हजारो माणसांना बरे करून त्यांच्या घरी पोहोचवले. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मनावर ताण असलेल्या कुणालाही १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. तो क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

काही पथ्ये

जेवण देताना फोटो काढायचा नाही. जात विचारायची नाही. मदतीच्या बदल्यात वंदनेला बसायला सांगायचे नाही. एकट्याने जायचे नाही. जमणार नाही ते आश्वासन द्यायचे नाही. जमा-खर्च दर महिन्याला फळ्यावर लावायचा. कुणाला त्याच्या घरी पोहोचवायचे असेल तर आधी घरातल्या बाईला विचारायचे. तिने मार खाल्लेला असेल आणि ती नको म्हणत असेल, तर तो शब्द शेवटचा.

पैशाचे काय? नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले होते. तेवढे लांब जायचीही गरज नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे एक रात्र कमी वाजला तरी असा उपक्रम कितीतरी महिने चालेल.

‘हे तर सरकारचे काम’

बरोबर आहे, आणि म्हणूनच वही महत्त्वाची. तीन महिन्यांनी आपल्याकडे नावानिशी माहिती असेल. ती कुणाच्या हाती न देता तिच्या आधारे प्रभाग कार्यालयात निवेदन देता येईल. माहितीच्या अधिकारात विचारता येईल की शहरात निवारे किती, क्षमता किती, पुरुषांसाठी किती, खर्च किती. अशी वही दहा विहारांकडे असेल तर पालिकेला उत्तर द्यावेच लागेल. सेवा आणि संघर्ष यांत निवड करण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही. सेवेशिवाय संघर्षाला माणसे मिळत नाहीत आणि संघर्षाशिवाय सेवा खिचडीवाटपात अडकते.

‘आधी आपल्या लोकांचे बघा’ असे म्हणणारेही भेटतील. पुलाखाली झोपलेल्या माणसाने आपली जात केव्हाच झाकून ठेवलेली असते. आपला कोण हे शोधत बसलो तर आपलाच माणूस चादर डोक्यावर ओढून घेईल.

फेब्रुवारी २०२७ मध्ये लोकसंख्येची मोजणी होणार आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा, यासाठी आपले कार्यकर्ते घरोघर फिरत आहेत. ते काम व्हायलाच हवे. पण ज्याला घर नाही त्याच्याकडे घरोघर फिरणारा कार्यकर्ता कसा पोहोचणार? एका रात्रीत गाठायची ही माणसे कुठे झोपतात, हे त्या वेळी सर्वांत अचूक कोणाला माहीत असेल तर वर्षावासापासून दर आठवड्याला तिथे जाणाऱ्या विहाराला. प्रगणकाबरोबर कंदील घेऊन उभे राहण्याचा मान त्या विहाराचा असेल.

या रविवारी बुद्ध वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा. पायी जाता येईल अशी एक जागा ठरवा, एक वही आणा आणि चार नावे लिहा. पहिली चार नावे कार्यकर्त्यांची. पाचवे नाव त्याचे, जो आजवर कुठल्याच यादीत नव्हता.

जयभीम! नमो बुद्धाय!